साठ लाख वर्षांनंतरचा भारद्वाज

“आदी पाय बग गं. पंख मागून.”

हा मायचा आवाज. मी सहा-सात वर्षांची असेन, तेव्हाचा. कुसळीच्या माळावर माय पुढं, मेंढरं मध्ये आणि मी मागं, असं आमचं चालणं असायचं. पाखरू उठलं की मी हात वर करून ओरडायचे आणि माय वळूनसुद्धा न बघता बोलायची. तिचं बोलणं मेंढरांच्या पाठींवरून, धुळीतून, वाऱ्यावर हेलकावत माझ्यापर्यंत यायचं. पाय बघितले की पाखरू काय खातं ते कळतं. काय खातं ते कळलं की कुठं राहतं ते कळतं. पंखांचं काय, ते बघेबघेस्तोवर निघून जातात.

पुढं मी प्राणिशास्त्र शिकले, चित्रं काढायला शिकले, पुण्यात एका संग्रहालयात नोकरीला लागले. मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनी मला सांगाडे वाचायला शिकवलं. तेही पायापासूनच सुरुवात करायचे. अशा वेळी मला हसू यायचं, आणि गावाकडं तोंड करून हात जोडावेसे वाटायचे.

तर गेल्या फाल्गुनातली गोष्ट. संग्रहालयानं शाळाशाळांतून फिरवायला एक प्रदर्शन ठरवलं होतं, ‘उद्याचे प्राणी’. आज आहेत ते प्राणी लाखो वर्षांनी बदलत बदलत काय होतील, ते शास्त्राला धरून कल्पायचं आणि रंगवायचं. माझ्या वाट्याला पक्षी आला. फार फार पूर्वी दक्षिण अमेरिकेत माणसाहून उंच, उडता न येणारे, शिकार करून खाणारे पक्षी होते. डोकं घोड्याच्या डोक्याएवढं आणि चोच कुऱ्हाडीसारखी. ते केव्हाच संपले. आता प्रश्न असा, की आपल्या मातीतल्या एखाद्या पाखरातून तसलं पाखरू पुन्हा घडलंच, तर कसं असेल?

मी भारद्वाज निवडला. आमच्याकडं त्याला कुक्कुडकोंबा म्हणतात. सकाळी दिसला की दिवस चांगला जातो म्हणून बायका त्याला मनातल्या मनात नमस्कार करतात. अंगानं काळा, पंख विटकरी, डोळे गुंजेसारखे लाल. उडणं त्याला फारसं आवडत नाही. कुंपणाच्या बुडाशी चालत राहतो आणि सरडे, उंदीर, सापाची पिल्लं, दुसऱ्या पाखरांची अंडी, जे सापडेल ते खातो. मागच्या बोटाला लांब सरळ नखी असते. मोठा होऊ घातलेला शिकारीच तो. फक्त साठ लाख वर्षं कमी पडतात.

माझं पहिलं चित्र परत आलं. आमच्या विभागाच्या विजयमालाबाई फोनवर म्हणाल्या, “योगिता, भीती वाटते गं बघून, पण हे जिवंत नाही वाटत. सिनेमातलं भूत वाटतंय. हा येतो कसा? कुठून येतो? शिकार करताना बघितल्यासारखं काढ. सोमवारी रात्री छपाईला जायचंय. तोवर झालं नाही तर आपण पक्षी गाळू.”

शिकार करताना बघितल्यासारखं. मी आयुष्यात एकाच शिकारीच्या जवळ होते, आणि तेव्हा तिच्याकडं माझी पाठ होती.

मी नऊ वर्षांची होते. पाटोद्याकडच्या डोंगरात आमचा मुक्काम होता. मोठी मेंढरं घेऊन दादा, म्हणजे माझे वडील, आणि भाऊ नाथा चरायला जात. कोवळी कोकरं मागं जाळीच्या कुंपणात राहत. त्या जाळीला आम्ही वाघर म्हणतो. कोकरं राखायचं काम माझं. वाघरीचा नेम एकच, शेवटी जो आत जाऊन येईल त्यानं तोंडाची गाठ मारायची. त्या दुपारी मी टिटवीची अंडी बघायला शंभरेक पावलं लांब गेले. वळून बघते तर वाघरीचं तोंड उघडं, कोकरं बाहेर पांगलेली, आणि त्यात टिकली नव्हती. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं माझं लाडकं कोकरू. ओढ्याच्या कडेनं लांडगा चालला होता, पळतसुद्धा नव्हता.

संध्याकाळी दादांनी एवढंच विचारलं, “शेवटी आत कोण गेलतं?”

माय चुलीपाशी होती. “योगी गेलती,” ती म्हणाली.

मला गाठ मारल्याचं आठवत होतं. पण माय कशाला खोटं सांगेल? मग मलाच वाटायला लागलं, ती आठवण आदल्या दिवशीची असेल.

कुणी रागावलं नाही. आमच्या घरात रीत आहे. लांडग्यानं नेलं ते त्याच्या वाट्याचं म्हणून सोडायचं, वाघरीवर भंडारा टाकायचा, आणि गेलेल्या जिवाचं नाव पुन्हा काढायचं नाही. या रीतीत शिव्या बसत नाहीत, रडणं बसत नाही, आणि माफी मागणंही बसत नाही. दादा तेवढं म्हणाले, “पोरीचं ध्यान पाखरात. हिच्या हाती कोकरं नगं. घाला शाळंत.” आठ दिवसांत मी आश्रमशाळेत होते.

माझी पाटी, माझी पुस्तकं, माझी नोकरी, सगळं त्या कोकराच्या जिवावर आलं असं मला सोळा वर्षं वाटत होतं. त्याचे उपकार वाटायचे आणि तितकीच लाज वाटायची. म्हणून या खेपेला घरी निघाले तेव्हा दोन कामं ठरवली होती. सोमवारच्या आत पाखरू जिवंत करायचं, आणि रीत मोडली तर मोडली, त्या दुपारची माफी मागायची.

*

चकलांब्याच्या शिवारात सुंदरराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती. कापूस निघून गेलेलं रान, त्याला लेंडीखत मिळतं आणि आम्हाला ज्वारी. शुक्रवारी दुपारी नाथानं मला गेवराईहून मोटरसायकलवर आणलं. मायनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या हातांना दुधाचा आणि लोकरीचा वास होता, आणि मला वाटलं, पुण्यातला सगळा थकवा इथंच कुठंतरी गळून पडला.

मी चित्र पसरलं. तिघं भोवती बसले.

“हे काय, ढोरं खाणारी कोंबडी?” नाथा म्हणाला.

“कुक्कुडकोंबा आहे तो. वाढलेला.”

“कोण म्हणतं? इचारलं का त्येला?”

माय चित्राकडं बघत होती. “कवा येणार हाय ह्ये?”

“साठ लाख वर्षांनी, माय.”

“मंग तू कावून घाई करायली?”

“मला सोमवारी द्यायचंय.”

ती हसली. पण चित्र तिनं खाली ठेवलं नाही. बाजारात जनावर घेताना बघतात तसं उलटं-सुलटं करून बघितलं. “दात न्हाईत, नखी लहान हाय, अन् अंग रेड्यासारखं. ह्यो खातो काय? ह्येच्या पोटाला कोण घालतं?”

“मेंढरासारखं काहीतरी असेल तेव्हा. हरणं असतील.”

“लांडगं?” दादांनी विचारलं. ते इतका वेळ बिडी न पेटवता हातात धरून बसले होते.

“लांडगे संपले असं धरलंय, दादा. बिबटेही.”

दादांनी बिडी बोटांत फिरवली. मग म्हणाले, “तवाच मग. लांडगा गेला, त्येची जागा मोकळी पडली. रान मोकळं ऱ्हात न्हाई बाई. कुणी तरी खाली उतरतंच.”

जाड जाड पुस्तकांत पानंच्या पानं खर्चून जे लिहिलेलं असतं ते दादांनी बिडी पेटवायच्या आत सांगून टाकलं. मी ते वहीत उतरवून घेतलं. दादा संकोचले. “लिवू नको गं तसलं. लोक हसत्याल.”

“अन् उडणं कावून सोडलं त्यानं?” नाथानं विचारलं.

“उडायला लई दम लागतो,” मी उत्तर द्यायच्या आत माय म्हणाली. “खालीच पोट भरतंय, वरून कुणाचं भ्या न्हाई, तर वर जाऊन काय करावं? तू न्हाई का मोटरसायकल आल्यापसून चालायचं सोडलंस.”

*

शनिवारी दिवस उगवताना माय मला कालव्याकडं घेऊन गेली. तिथं वेड्या बाभळींची रांग होती आणि खाली वाळलेलं गवत. “बस इथं,” ती म्हणाली, “बोलू नको.” मग कालव्यापलीकडून तो खोल आवाज आला, कूप कूप कूप, रिकाम्या रांजणात कुणी फुंकर घालावी तसा. मायनं छातीला हात लावला. मीही लावला.

तो झुडपाच्या बुडातून निघाला. एक पाय उचलून थांबायचा, डोकं स्थिर, मग दुसरा पाय. शेपूट जमिनीवर ओढत चाललेली. ऊन नुकतंच पसरलं होतं. समोर दगडावर एक सरडा अंग शेकत होता. भारद्वाज सरळ त्याच्याकडं गेलाच नाही. वळसा घालून पूर्वेला गेला आणि मग तिकडून आला.

माय माझ्या कानाशी लागली. “बगितलंस? लांडग्याला नाक हाय, म्हणून त्यो वाऱ्याच्या खालून येतो. ह्येला नाक न्हाई. ह्यो डोळ्यानं खातो. म्हणून ऊन पाठीशी घिऊन येतो. सरड्याला नुसता उजेड दिसतो, दुसरं काईच न्हाई.”

सरडा खरंच हलला नाही. चोच एकदाच खाली आली.

साठ लाख वर्षांनंतरची सकाळ मला दिसायला लागली. कुसळीचा असाच माळ. हरणांसारखी जनावरं चरतायत आणि पूर्वेकडून उजेडच चालत येतोय. उजेडात दोन लांब पाय. माणसाच्या दीडपट उंची. छातीशी विटकरी पंखांचे आखूड खुंट, ते आता पिल्लांवर सावली धरण्यापुरते. मागची नखी विळ्याएवढी.

“अंग काळं काढू का?” मी विचारलं.

“एवढं मोठं काळं अंग वैशाखात भाजून निघंल. गवताच्या रंगाचं काढ. काळं फक्त डोक्यावर, डोळ्याभवती. उनाची तिरीप लागू न्हाई म्हणून.”

“अंडी?”

“दोन. लई नगं. मोठ्या जिवाला पोरं थोडी. अन् बाप बी बसंल अंड्यावर, एकटीच्यानं व्हत न्हाई ते.” मग थोडं थांबून, “अन् ते कुठलं मेंढरू नेईल?”

“म्हणजे?”

“लांडगा कदी बी कुठलंही नेत न्हाई. लंगडं नेतो, मागं ऱ्हायलेलं नेतो, दुकलेलं नेतो. त्यो कळप राकतो एका अर्थी. तुझं पाखरू मेंढरं ओळकून नेत नसंल तर दोन पिढ्यांत कळप बी संपंल अन् पाखरू बी.”

परतताना ती गुणगुणायला लागली. माझी माय ओव्या ऐकून म्हणत नाही, जोडून म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी विसरते. मी चालता चालता हातावर पेननं उतरवून घेतलं.

*लाल डोळ्याचं पाखरू, येतं उजेडाच्या वाटं*
*त्येच्या नखीला बी देवा, थोडं राखावं ना ताटं*

*लाल डोळ्याचं पाखरू, त्येच्या घरी बी लेकरू*
*त्येला कशानं हाकलू, कसं दगडानं मारू*

अजून जन्मालाही न आलेल्या एका शिकारी जिवासाठी जगात पहिल्यांदा कुणी अन्न मागितलं असेल, तर ते माझ्या मायनं. त्या सकाळी, चकलांब्याच्या कालव्यावर, डोक्यावर वाळल्या फाट्यांचा भारा घेऊन.

*

रविवारी दुपारी चित्र पुरं झालं. बाभळीच्या सावलीत पोत्यावर फळी ठेवून मी दीड दिवस काढत होते. नाथानं भाकरी आणून ठेवली ती तशीच वाळली. दादा दोनदा नुसतेच येऊन उभे राहून गेले.

पाखरू या खेपेला चालत होतं. ऊन त्याच्या पाठीशी होतं, आणि आधी दिसायचे ते पाय. पण शिकार काढताना मी हरणं काढली नाहीत. वाघर काढली. साठ लाख वर्षांनी वाघर कुठली आणि राखणारं माणूस कुठलं, विजयमालाबाई विचारतील, मला माहीत होतं. तरी काढली. वाघरीचं तोंड उघडं. आत कोकरं गोळा झालेली. आणि एका कोपऱ्यात, पाठ फिरवून, उकिडवी बसलेली एक पोर. तिच्यासमोर टिटवीची चार अंडी.

संध्याकाळी घरची माणसं आली. मेंढरं नुकतीच परतली होती आणि कोकरं आपापल्या आयांना शोधत ओरडत होती. दादा खाली बसले. “पाय बराबर हायेत,” ते म्हणाले, आणि आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही. नाथानं टोपी काढली. “आता ह्यो आला तर मी पळंल बे,” तो शेजारच्या कुत्र्याला म्हणाला.

मायनं कोपऱ्यावर बोट ठेवलं. “ही कोण?”

“मी. त्या दुपारची.”

दादांनी मान दुसरीकडं वळवली.

“दादा, रीत मोडतेय, मला माहीताय,” मी म्हणाले. “पण मला बोलायचंय. गाठ मी मारली नव्हती. टिकली माझ्यामुळं गेली. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत, उलट शाळेत घातलंत. आज मी जी काही आहे ती तुमच्या त्या गप्प बसण्यामुळं आहे. मी कधी माफी मागितली नाही आणि कधी आभार मानले नाहीत. दोन्ही राहिलंय.”

“त्येचं बोलायचं नस्तं बाई,” दादा हळूच म्हणाले. “लांडग्याचं व्हतं, त्यानं नेलं.”

“ह्ये चित्र कुणाला दावणार हायेस?” मायनं विचारलं.

“चारशे शाळांमधून फिरणार आहे. खाली ओळ असेल, राखणाऱ्याचं ध्यान सुटलं की शिकारी आत येतो. आणि माझं नाव, आपल्या गावाचं नाव. पोरांना सांगणार आहे मी, ही चूक माझी स्वतःची आहे म्हणून.”

माय उठली. वाघरीत गेली. एक कोकरू आई चुकून भलत्याच मेंढीला ढुसण्या देत होतं, ते उचलून तिनं त्याच्या आईखाली लावलं. ते पिईपर्यंत तिथंच वाकून उभी राहिली. मग बाहेर आली, वाघरीचं तोंड ओढून घेतलं, गाठ मारली. परत आमच्याकडं आली, पण बसली नाही. पदर तिनं दोन्ही मुठींत धरला होता.

“ही ओळ नगं लिवू,” ती म्हणाली.

“का गं?”

“खोटी हाय.” ती दादांकडं वळली. “आवं, तुमी बी ऐका. पोर टिटवीकडं गेली ते खरं हाय. पोर हाय, पाखरू दिसलं की जाणारच. पण गाठ मारून गेलती. मी वड्यावरून पाणी घिऊन आले. एक कोकरू पाजायला काढायचं व्हतं म्हणून आत गेले. डोक्यावर हंडा, काखंत कोकरू. गाठ सोडली ती मी. मारायची ऱ्हायली ती बी माझीच. शेवटी आत मी गेलते.”

नाथाचा हात टोपीवरच थांबला. दादा तिच्याकडं बघत राहिले. मला राग शोधूनही सापडला नाही. नऊ वर्षांच्या माझ्या हातांनी ओढलेली ती गाठ मला परत मिळाली होती, ती आदल्या दिवशीची नव्हती. मायचे हात धरायला मी उठले.

“सोळा वर्सं?” दादा म्हणाले. “तवाच बोलली कावून न्हाईस?”

“त्या दिशी तुमाला भेले,” माय म्हणाली. “तोंडातून निगून गेलं, योगी गेलती म्हणून. सकाळी सांगणार व्हते, बिरोबाची आन. पण तवर तुमी म्हणलात, हिला शाळंत घाला. तीन वर्सं मी त्येच मागत व्हते तुमच्याकडं, अन् तुमी म्हणायचे कोकरं कोण राकंल.” मग तिनं माझ्याकडं बघितलं. “खरं बोलले असते तर तू कोकरांपाशीच ऱ्हायली असतीस, योगे. म्हणून माझी चूक तुझ्या डोक्यावर ठिवली. अन् तुला शाळंत जाऊ दिली.”